सैल आट्यांचा वैद्य : डॉ. व्हर्नन क्रीबल

यंत्रयुगाचा सारा डोलारा ज्या लहानशा वस्तूवर उभा आहे, ती वस्तू म्हणजे स्क्रू. शिवणयंत्र असो, मोटारीचे इंजिन असो की विमानाचा पंखा. आट्यांनी एकमेकांत गुंतलेले धातूचे दोन तुकडे त्याला एकसंध ठेवत असतात. मात्र यंत्र चालू लागले की ते हादरते आणि हादऱ्यांनी आटे हळूहळू सैल होतात. हे दुखणे स्क्रूइतकेच जुने आहे. कारागिरांनी त्यावर नाना उपाय केले. स्प्रिंग वॉशर घातले, एका नटावर दुसरा नट आवळला, बोल्टाला भोक पाडून त्यातून पिन ओवली, तारेने बोल्ट एकमेकांना बांधले. दुखणे आटोक्यात आले, पण बरे झाले नाही. ते बरे करणारे औषध विसाव्या शतकाच्या मध्यावर सापडले आणि ते शोधून काढले एका अशा प्राध्यापकाने, ज्याचे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. डॉ. व्हर्नन क्रीबल हे त्यांचे नाव. आज जगभरच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत जी लॉक्टाइटची लहानशी बाटली दिसते, ती याच गृहस्थांची देणगी आहे.

क्रीबल यांचा जन्म १८८५ सालचा, अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यातला. ब्राऊन विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करून १९१३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. कडू बदामात अमिग्डालिन नावाचे एक द्रव्य असते. इमल्सिन या विकराच्या सान्निध्यात ते फुटते आणि त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड बाहेर पडते. या क्रियेचा अभ्यास हा क्रीबल यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. पुढेही अनेक वर्षे, आम्लांच्या संगतीत सायनाइडचे विघटन कसे व किती वेगाने होते, हे ते मोजत राहिले. रासायनिक क्रिया कशामुळे सुरू होते, कशामुळे वेग घेते आणि कशामुळे अडते, या प्रश्नांशी त्यांची अशी आयुष्यभराची सलगी होती. या सलगीचे फळ त्यांना उतारवयात मिळायचे होते.

१९२० मध्ये ते कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहरी ट्रिनिटी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि तेथेच स्थिरावले. महाविद्यालय लहान होते. मोठ्या विद्यापीठांचा पैसा आणि प्रयोगशाळा तेथे नव्हत्या. रसायनशास्त्रासाठी स्वतंत्र, आधुनिक इमारत १९३६ मध्ये उभी राहिली. तिच्यातील सभागृहाला आज क्रीबल यांचे नाव आहे. पस्तीस वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. एखाद्या सज्जन, अभ्यासू प्राध्यापकाचे चरित्र येथेच संपले असते तरी ते कृतार्थ म्हणावे लागले असते.

पण हार्टफर्ड हे साधेसुधे महाविद्यालयीन गाव नव्हते. तो यंत्रांचा गाव होता. कोल्टचा प्रसिद्ध शस्त्रकारखाना तेथला. रॉयल आणि अंडरवूड या टंकलेखन यंत्रांचे कारखानेही तेथलेच. प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीने आधी यंत्र बनवणारी यंत्रे आणि नंतर विमानांची इंजिने तेथे घडवली. धातू कापणे, त्यावर आटे पाडणे आणि ते अचूक जुळवणे, यांवर या शहराचे पोट चालत असे. अशा गावात राहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती एक विचित्र द्रव यावा, हा मोठा योग होता.

तो योग त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांच्यामुळे जुळून आला. रॉबर्ट हेही रसायनशास्त्रज्ञ. ते जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीत काम करीत. त्या कंपनीतील बर्नेट आणि नॉर्डलँडर या संशोधकांना १९४० च्या दशकात एक चमत्कारिक पदार्थ गवसला होता. त्यातून हवा खेळवत ठेवली की तो द्रव राही, आणि हवा बंद केली की घट्ट होऊन बसे. बहुतेक चिकट पदार्थ हवेत वाळतात. याचा स्वभाव नेमका उलटा. शोध कुतूहलाचा होता, पण व्यवहारात अडचणीचा. पदार्थ टिकवायचा तर त्यात अहोरात्र हवेचे बुडबुडे सोडत राहावे लागत. असा माल बाटलीत भरावा कसा, दुकानात ठेवावा कसा आणि गिऱ्हाइकाला पाठवावा कसा? कंपनीने त्याचा पाठपुरावा सोडून दिला. १९५३ मध्ये रॉबर्ट यांनी ही हकिकत वडिलांच्या कानावर घातली.

क्रीबल तेव्हा अडुसष्टीच्या घरात होते. या वयात माणसे हाती असलेले काम आवरते घेतात. क्रीबल यांनी महाविद्यालयाच्या तळघरातील प्रयोगशाळेत नवे काम सुरू केले. मोठ्या कंपनीला जो दोष वाटला, त्यातच त्यांना गुण दिसला. बोल्टावर नट चढवला की दोघांच्या आट्यांमध्ये केसाएवढ्या बारीक फटी उरतात. दिसायला आटे घट्ट बसलेले असले तरी धातू धातूला काही ठिकाणीच टेकलेला असतो, बाकी पोकळी. त्या पोकळीत हवा जवळजवळ नसते. मग हवेच्या अभावी घट्ट होणाऱ्या द्रवाला याहून योग्य घर कोणते? बाटलीत तो पातळ राहील, बोल्टावर टाकताना पातळ राहील आणि नट आवळला की आपोआप दगडासारखा होईल. प्रश्न एकच होता. बुडबुड्यांच्या सरंजामाशिवाय तो बाटलीत टिकवायचा कसा?

या कोड्याचे उत्तर क्रीबल यांच्या जुन्या अभ्यासात होते. हा द्रव म्हणजे मेथाक्रिलेट वर्गातले एक संयुग. त्याचे लहान लहान रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या बनवू शकतात आणि साखळ्या झाल्या की द्रवाचा टणक प्लास्टिकसारखा घन होतो. ही साखळी सुरू करायला एखादा चेतक लागतो. हवेतील प्राणवायू मात्र या कामात मोडता घालतो. साखळी जुळू लागताच तो तिचे टोक पकडून तिला थांबवतो. जनरल इलेक्ट्रिकच्या पद्धतीत द्रव तापवून त्यात प्राणवायू सोडला जाई, त्यामुळे चेतक द्रवातच तयार होई आणि तो आवरणे कठीण जाई. क्रीबल यांनी ठरावीक प्रमाणात हायड्रोपेरॉक्साइड बाहेरून मिसळले. त्यामुळे द्रव शांत राहू लागला. आट्यांमध्ये गेल्यावर लोखंडासारख्या धातूच्या संपर्काने हेच हायड्रोपेरॉक्साइड जागे होते, प्राणवायूचा पहारा तेथे नसतोच आणि साखळी धडाक्याने जुळू लागते.

बाटलीचा तिढाही त्यांच्या पथ्यावर पडला. पॉलिथिनच्या पातळ भिंतीतून हवा थोडी थोडी आत झिरपते. म्हणून बाटली काचेची किंवा पत्र्याची न घेता पॉलिथिनची घ्यायची आणि ती गळ्यापर्यंत भरायची नाही. आत उरलेली हवा आणि भिंतीतून येणारी हवा द्रवाला जागे होऊ देत नाही. आजही अशी बाटली विकत घेणाऱ्या माणसाला ती अर्धवट भरलेली दिसते आणि आपण फसवले गेलो की काय, अशी शंका येते. खरे तर ती रिकामी जागा हा औषधाचाच एक भाग आहे!

१९५३ मध्येच अमेरिकन सीलंट्स कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये क्रीबल महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि उद्योजक म्हणून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. नव्या द्रवाला लॉक्टाइट हे नाव रॉबर्ट यांच्या पत्नी नॅन्सी यांनी सुचवले. घट्ट कुलूप या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो सुटसुटीत जोड आहे. जुलै १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे वार्ताहरांपुढे लॉक्टाइट सादर झाले. रॉबर्ट हेही जनरल इलेक्ट्रिक सोडून वडिलांच्या कंपनीत आले. कोणत्याही वास्तूतील कोणताही नट एका थेंबाने जखडता येतो, हा दावा कारखानदारांच्या दृष्टीने नवलाचा होता. पण त्यांच्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला असणार : जखडलेला नट उद्या सोडवायचा कसा?

क्रीबल यांच्या कामातील खरे मर्म येथे आहे. नुसते घट्ट चिकटवणारे पदार्थ जगात पुष्कळ होते. यंत्राला मात्र दुरुस्ती लागते, भाग बदलावे लागतात. जे पुन्हा उघडता येत नाही ते यंत्र राहत नाही, तो लोखंडाचा गोळा होतो. त्यामुळे लॉक्टाइट एकाच शक्तीचे न ठेवता कमी-अधिक पकडीच्या अनेक प्रतींत तयार करण्यात आले. अमेरिकी सैन्यदलाच्या मानकांतही या प्रतींना अक्षरे आणि रंग देऊन वर्गवारी झाली. पुढे बाजारात जांभळा, निळा, लाल आणि हिरवा हे रंग रूढ झाले. जांभळा बारीक स्क्रूंसाठी, हलक्या पकडीचा. निळा मध्यम, साध्या पान्याने सुटणारा. लाल कायमच्या बांधणीसाठी. तो सोडवायचा तर जोड सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. हिरवा अतिशय पातळ. आधीच आवळलेल्या आट्यांत तो आपणहून झिरपतो.

किती घट्ट धरावे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तो किती नाजूक आहे हे पाहायचे तर क्रीबल यांच्याच हार्टफर्डमधून निघालेल्या एका वस्तूकडे वळावे लागेल. १९२१ मध्ये कोल्टच्या कारखान्यात प्रसिद्ध थॉम्सन बंदुका तयार होऊ लागल्या. झपाट्याने गोळ्या झाडताना त्यांचे तोंड वर उचलले जाई. अमेरिकेच्या मरीन दलातील अधिकारी रिचर्ड कट्स आणि त्यांचे चिरंजीव यांनी त्यावर एक उपाय काढला. नळीच्या तोंडाशी बसणारा, वरच्या बाजूस खाचा असलेला एक तुकडा. गोळीमागून येणारा वायू त्या खाचांतून वर उसळतो आणि नळीचे तोंड खाली दाबतो. हाच कॉम्पेन्सेटर. पितापुत्रांची ही दुसरी जोडी आणि तिचे कामही त्याच गावच्या शस्त्राशी जोडलेले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पुढे नेमबाजीच्या क्रीडास्पर्धांसाठी पिस्तुलांनाही असे कॉम्पेन्सेटर बसू लागले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघाच्या खुल्या गटात ते सर्रास दिसतात.

पिस्तुलाच्या नळीवर कॉम्पेन्सेटर आट्यांनीच बसतो. नऊ मिलिमीटरच्या अनेक नळ्यांवर अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे बारीक आटे असतात. येथे अडचण अशी, की कॉम्पेन्सेटरच्या खाचा बरोबर वरच यायला हव्यात. तो हवा तितका आवळता येत नाही. खाचा वर आल्या की थांबावे लागते. म्हणजे बोल्टाला धरून ठेवणारा ताण येथे अपुरा असतो आणि सारी मदार आट्यांतल्या थेंबावर येते. त्यातच प्रत्येक गोळीगणिक धक्का बसतो, तप्त वायूचा झोत येतो आणि काजळी साचते. तुकडा सैल होऊन किंचित जरी फिरला तर नेम बिघडतो. वाकडा झाला तर सुटलेली गोळी त्याच्या आतल्या कडेवर आदळू शकते. नेमबाज आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस, दोघांचाही जीव त्या एका थेंबाशी बांधलेला असतो.

मग थेंब कोणता निवडावा? पहिला विचार उघडझापीचा. ज्या पिस्तुलात साफसफाईसाठी कॉम्पेन्सेटर काढल्याशिवाय वरचा सरकता भाग निघतच नाही, तेथे लाल द्रव वापरणे म्हणजे दर वेळी नळी भाजून काढणे. तेथे निळाच बरा आणि शक्य असल्यास जोडीला एखादा आडवा स्क्रूही. जेथे नळी आणि कॉम्पेन्सेटर एकत्रच राहायचे आहेत, तेथे लाल योग्य. दुसरा विचार उष्णतेचा. साधारण प्रतीचे द्रव दीडशे ते एकशेऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात. त्यापुढे त्यांची पकड खचत जाते. सावकाश नेमबाजीत नळी तितकी तापत नाही, पण लागोपाठ झाडलेल्या शंभर-दोनशे गोळ्यांनंतर तोंडाशी बसलेला तुकडा हात लावण्याजोगा राहत नाही. अशा वापरासाठी जास्त उष्णता सोसणाऱ्या खास प्रती आहेत. रॉकसेटसारखे सिलिकेटयुक्त मिश्रण तर त्याहूनही पुढचे. ते सुमारे अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, आणि गंमत म्हणजे पाण्यात बराच वेळ भिजवले की सैल होते. लाल द्रव सोडवायला आग लागते, याला पाणी पुरते! मात्र ते क्रीबल यांच्या कुळातले नाही. ते हवेच्या अभावी नव्हे, तर वाळून घट्ट होते.

तिसरा विचार धातूचा. क्रीबल यांचा द्रव लोखंड आणि तांब्याच्या सान्निध्यात लवकर जागा होतो. गंज न चढणारे पोलाद किंवा संरक्षक लेप दिलेली नळी असेल तर तो रेंगाळतो. तेथे आधी चेतक द्रव लावावा लागतो. तेलाचा अंश आट्यांवर राहिला तर पकड धरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे आटे द्रावकाने स्वच्छ पुसावेत. थेंब नळीच्या तोंडापासून एखादा आटा मागे टाकावा, म्हणजे तो आत ओघळत नाही. पिस्तुलाच्या प्लास्टिकच्या भागांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. काही प्लास्टिकना त्यामुळे तडे जातात. जोड झाल्यावर चोवीस तास थांबावे. काही मिनिटांत तो बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण ताकद एका दिवसाने येते. रंगांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, हेही महत्त्वाचे. निरनिराळ्या कंपन्यांचे रंग सारखे असतातच असे नाही. बाटलीवरचा क्रमांक आणि माहितीपत्रक हाच खरा आधार. आपल्याकडे तर शस्त्राची दुरुस्ती आणि त्यातील फेरफार हे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवानाधारकांचे काम ठरवलेले आहे. त्यामुळे नेमबाजाने निवड समजून घ्यावी आणि हात परवानाधारक कारागिराचा लागू द्यावा.

एका चिमुकल्या तुकड्यासाठी एवढा विचार? पण क्रीबल यांच्या शोधाचे मोल अशाच ठिकाणी कळते. सर्वांत ताकदीचा थेंब हा सर्वांत चांगला थेंब नव्हे. जोडाला किती सोसायचे आहे आणि तो पुन्हा केव्हा उघडायचा आहे, हे आधी ठरवायचे आणि मग पकड निवडायची. ही निवड कारागिराच्या हाती आली ती या प्राध्यापकामुळे. त्यापूर्वी जोड एक तर सैल होण्याच्या धास्तीत असे, नाही तर वितळवून कायमचा सांधलेला असे. मधल्या पायऱ्या क्रीबल यांनी घडवल्या.

१९५९ मध्ये क्रीबल यांना त्यांच्या मिश्रणाचे अमेरिकी पेटंट मिळाले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. १९६३ मध्ये कंपनीने आपले जुने नाव टाकून लॉक्टाइट हेच नाव घेतले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, क्रीबल यांचे निधन झाले. कंपनीचे जागतिक वैभव त्यांना पाहायला मिळाले नाही. ते रॉबर्ट यांच्या कारकिर्दीत आले. आट्यांच्या दुखण्याचे पूर्ण निदानही क्रीबल यांच्या मागे झाले. १९६९ मध्ये जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की बोल्टाला आडवे बसणारे हादरे त्याला सर्वाधिक सैल करतात. कारण त्या क्षणी आट्यांतले घर्षण जणू नाहीसे होते आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरतो. आट्यांमधली पोकळी भरून काढली की ही आडवी हालचालच थांबते. औषध आधी सापडले आणि रोगाचे कारण नंतर, असे वैद्यकात अनेकदा घडते. येथे ते यंत्रशास्त्रात घडले.

१९९७ मध्ये जर्मनीच्या हेंकेल कंपनीने लॉक्टाइट विकत घेतली. त्याच वर्षी रॉबर्ट क्रीबल यांचेही निधन झाले. पितापुत्रांची वाट संपली, पण द्रवाची वाट लांबली. हेंकेलचा औद्योगिक चिकटद्रव्यांचा एक कारखाना पुणे जिल्ह्यात दौंडजवळ कुरकुंभ येथेही आहे. पिंपरी-चिंचवडच्या जोडणी कारखान्यांत, मुंबईच्या कोपऱ्यावरल्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात, इस्पितळांतील यंत्रांत ही बाटली हाताशी असते. तिच्यामागे एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञाचे तळघर आहे, हे ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

क्रीबल यांनी हातात घेतलेली वस्तू दुसऱ्याने टाकून दिलेली होती. मोठ्या कंपनीकडे पैसा होता, माणसे होती, प्रयोगशाळा होत्या. तरी तिला त्या द्रवात फक्त कटकट दिसली. ट्रिनिटीच्या प्राध्यापकाकडे आयुष्यभराचा अभ्यास होता आणि त्या अभ्यासाला कामाला लावण्याची उमेद होती. पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना जे शिकवले, तेच त्यांनी अखेरीस स्वतः वापरून पाहिले. आपल्याकडे निवृत्ती म्हणजे पूर्णविराम असे मानण्याची रीत आहे. क्रीबल यांच्या बाबतीत तो साधा स्वल्पविराम होता. त्यानंतरचे वाक्य लहान, अवघ्या आठ-नऊ वर्षांचे. पण साऱ्या जगाची यंत्रे त्याने अजूनही धरून ठेवली आहेत.